गिझरच्या पोटातला चुना : आपल्या जिल्ह्याचे पाणी आणि घरातली यंत्रे

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे न्हाणीघरातला नळ उघडायला गेले आणि बोटांना झिणझिण्या आल्या. वाटले, थंडीने हात बधिर झाला असेल. दुसऱ्यांदा हात लावला तेव्हा कळले की हा करंट आहे. गिझर चालू होता. धावत जाऊन बटण बंद केले, मुलांना ओरडून सांगितले की कुणी नळाला हात लावू नका, आणि मेकॅनिकला फोन केला.

त्याने गिझर खाली उतरवला आणि आतला हीटर बाहेर काढला. पेन्सिलीएवढी जाड असणारी नळी अंगठ्याएवढी झाली होती. तिच्यावर पांढरट, खरखरीत थर होता आणि एका ठिकाणी थराखाली बारीक चीर गेलेली. टाकीतून निघालेल्या पापुद्र्यांनी अर्धे घमेले भरले. मेकॅनिक म्हणाला, "बाजी, मशीन का कुसूर नहीं, पानी का है." अम्मी बाजूला उभ्या होत्या. त्या घमेल्याकडे बघत म्हणाल्या, "हेच पाणी आपण पितो. मग आपल्या पोटात काय होत असेल?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. दुष्फेन पाण्याचा धडा किती वर्षे फळ्यावर शिकवला असेल, पण तो स्वतःच्या गिझरमध्ये कधी बघितला नव्हता. अम्मींच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला नीट देता आले नाही. ते शोधताना जे समजले, ते इथे मांडत आहे. आपल्या जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराला ते उपयोगी पडेल असे वाटते.

जड पाणी वेगळे, खारे पाणी वेगळे

आपण बोलताना "पाणी खारं आहे" असे एकदम म्हणून टाकतो. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पावसाचे पाणी मुळात हलके असते. ते हवेतून आणि मातीतून खाली जाताना कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि किंचित आम्ल होते. असे पाणी खडकातून झिरपताना त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. हे दोन घटक जास्त असले की पाणी जड होते. पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात, म्हणजे ज्यात साबणाचा फेस धड होत नाही. उर्दूच्या तासाला आम्ही सख्त पानी म्हणतो. अशा पाण्याची चव खारट असेलच असे नाही. उलट पुष्कळांना ते प्यायला गोडच लागते.

खाऱ्या पाण्यात मुख्यतः सोडियमचे क्षार असतात, म्हणजे खाण्याच्या मिठाचे भाऊबंद. त्याची चव जिभेला लगेच कळते.

आपल्या जिल्ह्याचे आपण घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग करतो. पाण्याची गोष्टही साधारण त्याच वाटेने जाते. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार या बाजूला काळा बेसाल्ट खडक आहे. बोअर जितके खोल, तितके पाणी खडकात जास्त काळ मुरलेले आणि बहुतेक वेळा तितके जड. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाची जाड जमीन आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तो हाच. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूच्या कितीतरी विहिरी आणि बोअर खारे आहेत, आणि काही ठिकाणी पाणी खारेही असते आणि जडही.

धरणाचे पाणी, उदाहरणार्थ बुलढाणा शहराला मिळणारे येळगावचे पाणी, हे पावसाचे साठवलेले पाणी. ते बोअरच्या मानाने हलके असते. पण उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस येत नाहीत. मग आपण त्याच टाकीत बोअरचे पाणी सोडतो. म्हणून एकाच घरात, एकाच नळाला, पावसाळ्यात एक पाणी आणि मे महिन्यात दुसरे पाणी येते.

यंत्रांच्या दृष्टीने फरक असा की जड पाणी थर बसवते आणि खारे पाणी धातू खाते. गिझरमधून पांढरे पापुद्रे निघाले तर पाणी जड आहे. टाकीला गंज लागून बारीक छिद्रे पडली तर खाऱ्या पाण्यावर संशय घ्यावा.

थर कसा बसतो?

जड पाण्यात कॅल्शियम बहुधा बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही. जिथे उष्णता सगळ्यात जास्त, म्हणजे हीटरच्या नळीवर, तिथेच ते चिकटते. आपण त्याला चुना म्हणतो. हा पानात लावायचा चुना नव्हे, खडूच्या आणि संगमरवराच्या जातीचा पदार्थ आहे.

मुलांकडून वर्गात एक हिशेब करून घेतला. समजा, बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरला ६०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज १०० लिटर पाणी तापवले जाते. म्हणजे गिझरमधून रोज ६० ग्रॅम क्षार जातात. त्यातला फक्त दहावा भाग आत चिकटला असे धरले, तरी रोज ६ ग्रॅम. हिवाळ्याच्या १२० दिवसांत ७२० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाऊण किलो! आमच्या गिझरने असे तीन हिवाळे काढले होते.

हा थर उष्णता अडवतो. नळी आतून लाल होते, पण उष्णता पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. आधी विजेचे बिल वाढते, मग नळी जास्त तापून तडकते. तडकलेल्या नळीतून करंट पाण्यात उतरतो. त्या पहाटे माझ्या बोटांना जे जाणवले, ते हेच होते. आमच्या घराचे अर्थिंगही नावापुरतेच होते, हे त्या दिवशी कळले.

घरातल्या एकेका वस्तूचे

*गिझर.* तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवा. पाणी जितके जास्त तापेल तितका थर जास्त बसतो. दरवर्षी हिवाळ्याआधी तो मेकॅनिककडून उघडून साफ करून घ्या. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजापासून वाचवते. साफसफाईच्या वेळी ती शिल्लक आहे का ते विचारा, संपली असेल तर बदलून घ्या. खाऱ्या पाण्याच्या गावात ही कांडी लवकर संपते.

गिझरला दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. थरामुळे तो जाम होतो. काही घरांत तो ठिबकतो म्हणून त्याला बूच मारलेले मी पाहिले आहे. असे कधीही करू नका. आत वाढलेला दाब बाहेर जायला जागा राहिली नाही तर टाकी फुटू शकते.

*पाणी तापवायचा रॉड.* आपल्याकडे अजून घरोघरी आहे. त्यावर पांढरा थर जमला, तर रॉड थंड झाल्यावर साफ करा. तडा किंवा फुगवटा दिसला तर फेकून द्या. शे-दोनशे रुपयांकडे बघू नका. बटण बंद करून पिन बाहेर काढल्याशिवाय बादलीत बोट घालू नका. बादली लोखंडी किंवा स्टीलची नको.

*वॉशिंग मशीन.* साबण जड पाण्यात फेसाऐवजी राखाडी साय धरतो. ती कपड्यात बसते, म्हणून पांढरे कुर्ते काही महिन्यांत मळकट दिसू लागतात आणि टॉवेल खरबरीत होतात. मशीनला साबणाचा चुरा नको, डिटर्जंट पावडरच वापरा. पाणी येणाऱ्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती महिन्यातून एकदा काढून धुवा. पाणी हळूहळू भरते अशी तक्रार असेल तर पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

*कूलर.* विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. कूलरमध्ये पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. आपण रोज वरून नवीन पाणी टाकतो, म्हणजे रोज नवे क्षार टाकतो. महिन्याभरात टपातले पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी जड होते. ताट्यांवर पांढरी खपली धरते, हवा अडते, पंप जाम होतो. उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा टप पूर्ण रिकामा करून घासायचा. डेंग्यूच्या डासांचाही बंदोबस्त त्यातच होतो.

मुलांना मी हे लोणारच्या उदाहरणाने समजावते. लोणार सरोवरात पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडते, क्षार राहतात. हजारो वर्षे हेच चालले आहे, म्हणून ते पाणी इतके क्षारयुक्त झाले. आपल्या कूलरचा टप म्हणजे एका उन्हाळ्याचे छोटे लोणार. गंमत अशी की लोणारच्या क्षारांत धुण्याचा सोडा असतो, आणि हाच सोडा जड पाणी हलके करतो. आईन-ए-अकबरीत या भागाची नोंद आहे, तीही साबण आणि काच बनवायला लागणाऱ्या मालासाठी. बादलीत कपडे भिजवताना आधी चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून पाणी थोडा वेळ ठेवले तर साबण कमी लागतो. फक्त ॲल्युमिनियमच्या भांड्यात हे करू नका, सोडा ते खातो.

*आरओ.* आरओचा पडदा क्षार अडवतो, म्हणून जड पाण्यात तो लवकर चोंदतो. वेळेवर बदलला नाही तर मशीन चालते, पण पाणी शुद्ध होत नाही. आरओमधून वाया जाणारे पाणी फरशीला किंवा संडासात वापरा. कूलरमध्ये मात्र टाकू नका, कारण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

*इन्व्हर्टरची बॅटरी.* हिच्यात डिस्टिल्ड वॉटरच टाकायचे. नळाचे नको, बोअरचे नको, आरओचेही नको. पंचवीस-तीस रुपये वाचवायला जाऊन हजारोंची बॅटरी मारलेली घरे आपल्याच मोहल्ल्यात सापडतील.

*चूल आणि भांडी.* दाळ गळत नाही ही आपल्याकडच्या बायकांची जुनी परीक्षा शास्त्राला धरून आहे. पाण्यातले कॅल्शियम दाळीच्या पेशींना बांधून ठेवणारा पदार्थ आणखी घट्ट करते. दाळ भिजवायला आणि शिजवायला धरणाचे किंवा पावसाचे पाणी बाजूला ठेवले तर गॅस वाचतो.

वुजूखाना आणि मस्जिदीचा गिझर

फजरच्या वेळी गरम पाणी मिळावे म्हणून आता बहुतेक मस्जिदींत मोठा गिझर बसवलेला असतो. घरचा गिझर चार माणसे वापरतात, हा शेकडो. पाणी बहुधा मस्जिदीच्या बोअरचेच. म्हणजे थरही तितक्याच पटीने वाढतो. ओले पाय, ओली फरशी, लोखंडी नळांची रांग आणि चीर गेलेला हीटर एकत्र आले तर काय होऊ शकते, ते सांगायला नको. कमिटीच्या जबाबदार साहेबांना विनंती आहे की रंगरंगोटीच्या आधी तीन कामे करून घ्या : चांगले अर्थिंग, करंट गळताच वीज तोडणारा आरसीसीबी, आणि दरवर्षी गिझरची साफसफाई. मदरशांच्या वसतिगृहांनाही हेच लागू आहे.

नळाच्या तोंडाशी थर जमला की धार वाकडी होते आणि आपण नळ जास्त उघडतो. वुजूत पाण्याचा इसराफ नको हे आपण लहानपणापासून ऐकतो. तोट्या साफ ठेवणे हाही त्यातलाच भाग समजावा.

साफ कशाने करायचे?

किराणा दुकानात लिंबूसत मिळते, आपल्या घरांत त्याला निंबू के फूल म्हणतात. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत विरघळवा. विजेच्या किटलीत हे पाणी अर्धा तास ठेवा, मग दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा. थंड झालेला रॉड बटण बंद आणि पिन काढलेली असताना यात बुडवून ठेवता येतो. शॉवरला आणि तोट्यांना सिरक्यात भिजवलेला कपडा तासभर गुंडाळा. गिझरचे पोट मात्र स्वतः उघडू नका, ते मेकॅनिकचे काम आहे.

तीन इशारे लक्षात ठेवा. संडास साफ करायचे ॲसिड नळांना किंवा भांड्यांना लावू नका, ते थराबरोबर धातूही खाते. लिंबूसत, सिरका किंवा कुठलेही ॲसिड ब्लीचिंग पावडरमध्ये किंवा ब्लीचच्या पाण्यात कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आणि शहाबादी फरशी किंवा संगमरवर मुळात कॅल्शियम कार्बोनेटच आहे, ॲसिड पडले तर फरशीच खाल्ली जाईल.

बाजारात पाणी हलके करण्याची यंत्रे विकायला लोक दारावर येतात. सॉफ्टनर नावाचे यंत्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेते, पण त्याच्या जागी सोडियम सोडते आणि त्याला वेळोवेळी मीठ घालावे लागते. घाटावरच्या जड पाण्यासाठी ते कामाचे आहे, आधीच खाऱ्या असलेल्या पाण्याला त्याने खारेपण जाणार नाही. नळीवर बसवायचे चुंबक पाण्यातले क्षार काढत नाही. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही. विक्रेता टीडीएसचे छोटे मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि घाबरवतो. ते मीटर सगळे विरघळलेले क्षार मिळून एक आकडा देते. त्यात जडपणा किती आणि मीठ किती हे त्याला कळत नाही. यंत्र घेण्याआधी जडपणाची वेगळी तपासणी करून घ्या.

फुकटचे हलके पाणी मात्र दरवर्षी आपल्या छतावरून गटारात जाते. ५०० चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला तर हजार लिटरपेक्षा जास्त पाणी जमते. पहिला पाऊस सोडून द्यायचा, पुढचे पाणी कपड्यांना, कूलरला, गिझरला वापरायचे. एवढ्यानेही यंत्रांचे आयुष्य वाढते.

अम्मींच्या प्रश्नाचे उत्तर

आता पोटाचे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतात. आपले पोट गिझर नव्हे, तिथे पाणी उकळत नाही आणि असा थरही बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कुठलीही मर्यादा घातलेली नाही. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे प्यायला चालणारे पाणीही गिझरचा जीव घेऊ शकते.

पण गोष्ट उलटीही आहे, आणि तीच जास्त गंभीर आहे. जे गिझरमध्ये दिसत नाही तेच माणसाला जास्त घातक असू शकते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, त्याचा थर बसत नाही. खतांमधून, उकिरड्यांतून, शोषखड्ड्यांतून ते बोअरमध्ये उतरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडरचे दूध कालवून दिले तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होते. फ्लोराइडही असेच न दिसणारे आहे.

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा सगळ्यांचे बोट आधी पाण्याकडे गेले. पाण्याचे नमुने घेतले, आयसीएमआरची पथके आली, आणि पुढे चर्चा सेलेनियमकडे आणि रेशनच्या गव्हाकडे वळली. खारपाणपट्ट्यातल्या किडनीच्या आजारांचेही तेच आहे. लोकांची भीती खरी आहे, पण "पाणी जड आहे" एवढ्या वाक्यात ते उत्तर बसत नाही. अंदाजावर भांडण्यापेक्षा तपासणी बरी.

तपासणी अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात पाणी तपासतात. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या महिलांना तपासणी किटचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आपल्या ग्रामपंचायतीत ते किट कुणाकडे आहे ते विचारा. बाटली स्वच्छ घ्या, बोअरचे पाणी पाच मिनिटे वाहू दिल्यावर भरा आणि अहवालात जडपणा, टीडीएस, नायट्रेट आणि फ्लोराइड हे चार आकडे नक्की मागा. मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून केले तर सगळ्यांनाच अंदाज येतो.

आमच्या घरी आता आरसीसीबी बसला आहे आणि अर्थिंगही नव्याने केले आहे. गिझर नवा घ्यावा लागला. त्यावर मी साफसफाईची तारीख खडूने लिहून ठेवली आहे. बोअरच्या पाण्याची बाटलीही भरून तपासणीला दिली. अहवालात जडपणा भरपूर निघाला, नायट्रेट मर्यादेच्या आत. अम्मींना तो वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह. मग शेजारच्या घरात बाळ झालंय, त्यांच्या बोअरचंही बघून दे."

ती दुसरी बाटली उद्या जाणार आहे.